चाळीस लाटांची बाटली

“बाबा, समुद्राचं पाणी खारट असतं ना?”

सायकलस्वारांच्या ‘अथक चक्र मंडळा’ची सभा ऐन रंगात आली होती. सत्तावीस काका, अंगाला चिकटलेल्या सत्तावीस चड्ड्या, आणि खुर्चीत बसून करायच्या सभेलासुद्धा चौघांच्या डोक्यावर हेल्मेट. न जाणो, एखादा ठराव अंगावर कोसळला तर! समोर टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष आर्गिरिस बसले होते. ग्रीसमधल्या प्रेवेझाच्या धक्क्यावर त्यांचं औषधांचं दुकान आहे. पाण्याच्या ग्लासाकडे निघालेला त्यांचा हात वाटेतच थांबला, कारण प्रश्न विचारणारी मुलगी त्यांचीच होती.

इस्मिनी शेवटच्या रांगेमागे उभी होती. वय सोळा, गुडघ्यावर ताजी खपली, केस पार पिंजारलेले. दाराबाहेर तिचे दोस्त थेक्ला आणि लाम्ब्रोस एकमेकांच्या तोंडावर हात दाबून उभे होते. काडी त्यांनीच लावली होती. “विचारून दाखव भर सभेत,” थेक्ला म्हणाली होती, “नाही विचारलंस तर उन्हाळाभर आमची आइस्क्रीमं तुझ्याकडून.” गेल्या वर्षीची इस्मिनी असती तर तिने निमूट आइस्क्रीमं दिली असती. गेल्या वर्षीची इस्मिनी हजेरीला ‘हजर’सुद्धा अशी म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडायच्या.

“असतं बाळा, खारट असतं,” बाबा हसून म्हणाले आणि सभेकडे वळले. “बघा मंडळी! आठवड्यातून तीन संध्याकाळी रसायनशास्त्राचा क्लास लावलाय, आणि पोरगी विचारतेय समुद्र खारट असतो का!”

सभा खदाखदा हसली. सचिव स्पिलिओसकाका सगळ्यांत आधी हसायला लागले आणि सगळ्यांत शेवटी थांबले. सचिवपद त्यांना उगाच मिळालेलं नव्हतं.

“मग आपली तुळस कशी जगते?” इस्मिनीने विचारलं.

आता कुणीच हसलं नाही, कारण कुणालाच काही कळलं नाही. कळलं ते एकाच माणसाला, आणि त्याचे कान पिकलेल्या टोमॅटोसारखे झाले.

“पुढचा विषय!” बाबा ओरडले.

पुढचा विषय अभिनंदनाचा होता, आणि अभिनंदन अध्यक्षांचंच होतं. मोनोलिथीच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे चाकांवरची घरं घेऊन येतात आणि महिना महिना तळ ठोकतात. मंडळाने अर्जावर अर्ज केले, आणि अखेर तिथल्या पार्किंगच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा बसला. “आता दोन मीटरच्या वर काहीही आत जाणार नाही!” बाबांनी टेबलावर मूठ आपटली. “काही म्हणजे काहीही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. हेल्मेटवाल्यांनी हेल्मेटं वाजवली.

तर, तुळशीचं प्रकरण असं.

ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहणाचा सण येतो आणि आमच्या किनाऱ्यावर समुद्र उघडतो. तसा तो वर्षभर उघडाच असतो, त्याला काही कुलूप नसतं. पण त्या दिवसाआधी पाण्यात पाय घातला तर सर्दी, खोकला, कंबरदुखी आणि गणितात नापास असे चारही रोग होतात, यावर इथल्या समस्त आयांचं एकमत आहे. सणाच्या दिवशी पहिली डुबकी मारायची आणि बाटलीत चाळीस लाटांचं पाणी धरायचं, एकेका लाटेचं थोडं थोडं. ती बाटली घरातल्या संतांच्या तसबिरींपाशी वर्षभर ठेवायची. घराला नजर लागत नाही.

इस्मिनीच्या घरी बाटलीचं काम दहा वर्षं बाबांकडे होतं. मंडळ दर सणाला सायकलींवरून अकरा किलोमीटर मोनोलिथीला जायचं, घामाने थबथबून पोचायचं, आणि बाबा बाटली घेऊन यायचे. आई, म्हणजे फोतिनी, नव्या बाटलीचा मुका घेऊन ती तसबिरींपाशी ठेवायची आणि जुनी बाटली गॅलरीतल्या तुळशीला घालायची. तुळस अशी माजली होती की शेजारणी फांदी मागायला यायच्या. “लाटांचा आशीर्वाद आहे,” आई सांगायची.

एप्रिलमध्ये थेक्ला अभ्यासाच्या नावाखाली घरी आली आणि तुळशीपाशी थबकली. तिचे वडील मच्छीमार आहेत. “काय गं, तुमची तुळस खारं पाणी पिते? आमच्या बाबांनी लिंबाखाली दोनदा जाळी धुतली, तर लिंब वाळून कोळ झालं.”

इस्मिनी आत गेली, तसबिरींपुढची बाटली उघडली आणि जीभ लावली. पाणी गोड होतं, आणि त्याला क्लोरीनचा मंद वास होता. म्हणजे आशीर्वाद नगरपालिकेचा होता.

बाकीचं लाम्ब्रोसने सांगितलं. त्याच्या मामाचा पेट्रोलपंप मोनोलिथीच्या एक किलोमीटर अलीकडे आहे. “तुला खरंच माहीत नव्हतं? अगं, धक्क्यावरून झेंडा दाखवून निघतात, मासळीबाजाराचं वळण घेतात, आणि तिथं मागे गाड्या उभ्याच असतात. सायकली टपावर. आमच्या पंपामागे उतरवतात, डोक्यावर पाणी ओततात, म्हणजे घाम वाटला पाहिजे, आणि मग शेवटचा एक किलोमीटर असे तुटून पडतात की बायका टाळ्या वाजवतात. बाटलीही आमच्याच नळावर भरतात. तुझे बाबा मामाला दर वर्षी विचारतात, नळाला गार येतंय ना?”

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायकांपैकी किती जणींना ठाऊक होतं ते सांगता येत नाही, कारण त्या चीजचे पॅटिस घेऊन दुपारच्या बसनेच पुढे जायच्या. आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मोठ्याने बोलायची नाही, ही आमच्याकडची सभ्यता. म्हणून तर तो प्रश्न इतका मोठा होता.

इस्मिनीचं सायकल शिकणंही याच वसंतातलं. बापाकडे तीन सायकली, त्यांतली एक कार्बनची, उचलायला हलकी आणि हात लावायला बंदी. “ती चालवायची नसते, सांभाळायची असते,” असं बाबा म्हणायचे आणि स्वतः तसंच वागायचे. लाम्ब्रोसने मग तिच्याच घराच्या तळघरातून तिच्या आईची जुनी हिरवी सायकल काढली. तिला टोपली होती, घंटा होती, फक्त ब्रेक नव्हता. मार्चमध्ये इस्मिनी किनाऱ्यावरच्या फरसबंदीवर शिकली. पहिल्या दिवशी ती एका कॉफीच्या टेबलात घुसली. तिथले आजोबा एका कॉफीवर तीन तास बसले होते. ते म्हणाले, “बरं झालं पोरी, नाहीतर मला उठायचं निमित्तच सापडत नव्हतं.”

एप्रिलपासून दर शनिवारी तिघं बाहेर. लाम्ब्रोसच्या सायकलीमागे सार्डिन मासळीचा रिकामा खोका बांधलेला. सायकल लांबूनच ओळखू यायची, नाकाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खसखशीची लालभडक फुलं, मधे ही तीन येडी. ती कुणाच्या तरी बागेतली संत्री काढायची, खायची, आणि सालं खोक्यात टाकायची, म्हणजे वास जरा संत्र्याकडे झुकायचा. किनाऱ्यावर पोचलं की बूट काढून गुडघ्यापर्यंत पाण्यात. समुद्र अजून ‘बंद’ होता आणि इतका गार की थेक्ला ज्या शिव्या द्यायची त्या तिच्या वडिलांनी होडीवरसुद्धा दिल्या नसतील. नेमका तेव्हाच फोन वाजायचा. “स्वेटर घेतलास?” आई विचारायची. “अंगातच आहे,” इस्मिनी सांगायची, आणि स्वेटर सार्डिनच्या खोक्यात असायचा. सोमवारी वर्गात तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणजे बघा!

अशाच एका शनिवारी तिघं वाळूत लोळत असताना खाडीच्या तोंडातून एक मालवाहू जहाज बाहेर पडलं, संथ, कुणाची परवानगी न घेता. पलीकडच्या काठावर व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांची शाळा आहे. तिच्या खिडक्या उन्हात चमकत होत्या. इस्मिनीच्या तोंडून निघून गेलं, “मला जहाजावर जायचंय. कॅप्टन व्हायला.”

“मग जा,” थेक्ला चीजचा पॅटिस खात म्हणाली. “हा शेवटचा तुकडा कुणाचा?”

कुणी हसलं नाही. इतकं सोपं असेल असं इस्मिनीला वाटलं नव्हतं.

घरी मात्र सोपं नव्हतं. पुढल्या वर्षीची शाखा निवडायचा फॉर्म शुक्रवारी शाळेत द्यायचा होता आणि तो बाबांनी कधीच भरून ठेवला होता, पेनाने: आरोग्य शाखा. मग औषधशास्त्र, मग दुकान. दुकानाच्या पाटीवर ‘आर्गिरिस’ या नावाखाली एक रिकामी पट्टी सोडलेली होती. इस्मिनी सहा वर्षांची असल्यापासून ती पट्टी तिच्या नावाची वाट पाहत होती. त्या पट्टीखालून जाताना इस्मिनी नेहमी मान खाली घालायची, डोक्याला लागेल म्हणून घालावी तशी.

सभेनंतर बाबांनी तिला जिन्यातच गाठलं. आई वर स्वयंपाकघरात होती, म्हणून दोघंही कुजबुजत भांडले.

“काय केलंस ते कळतंय का तुला?”

“प्रश्न विचारला.”

“आईला काही बोललीस?”

“अजून नाही.”

“अजून!” बाबांनी कपाळ धरलं. “अकरा किलोमीटर सायकल मारणं खेळ वाटतो तुला? त्या मितिकास गावानंतरचा चढ बघितलायस?”

“तिथं चढ नाहीये बाबा. सगळं सपाट आहे.”

गाडीतून चढ-उतार कळत नाहीत, हे कुणाला सांगणार? “बरं!” बाबा म्हणाले. “गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ये धक्क्यावर. आमच्याबरोबर नीघ. मोनोलिथीच्या वाळूवर माझ्या आधी पोचलीस तर तो फॉर्म हवा तसा भर, मी सही करतो. नाही पोचलीस तर आहे तस्सा जाईल. शिवाय जून-जुलैचा उन्हाळी क्लास, रोज नऊ ते एक. आणि तुळस हा शब्द पुन्हा या घरात काढायचा नाही.”

“लिहून द्या.”

“बापावर विश्वास नाही?”

इस्मिनीने फक्त वर, तसबिरी होत्या त्या दिशेला पाहिलं. बाबांनी खिशातून दुकानाचं छोटं पॅड काढलं, वर खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती, आणि तिच्याखाली सगळं लिहून दिलं. सवयीने शिक्काही मारला.

गुरुवारी इस्मिनीने क्लास बुडवला. पाच वाजता धक्क्यावर स्पिलिओसकाकांनी झेंडा हलवला, आणि सत्तावीस काका छाती काढून असे निघाले की आता थेट अथेन्सलाच थांबतील. ते मासळीबाजाराशी थांबले. वळणामागून लगेच दारं आपटल्याचे, पट्टे ओढल्याचे आणि “अरे, माझी आधी चढव!” असे आवाज यायला लागले.

“पट्टे बांधायला त्यांना पाऊण तास लागतो,” लाम्ब्रोस म्हणाला. “मामाने घड्याळ लावून बघितलंय.”

“मग आपण जिंकलोच!” थेक्ला ओरडली, आणि तिघं सुटली.

खरं तर डोकं खाली घालून पायडल मारायला हवं होतं. पण मे महिना होता. सपाट रस्ता, पाठीवर वारा, आणि एका कुंपणावरून पिवळ्याधमक लोकाटांनी लगडलेली फांदी रस्त्यावर आलेली. इस्मिनीने ब्रेक लावला, म्हणजे पाय घासले.

“अगं बये, तुझं आख्खं आयुष्य पैजेवर लागलंय आणि तू झाडावर कुठं चढतेयस?” थेक्ला खालून ओरडली.

“दोनच मिनिटं!”

दहा मिनिटं गेली. बियांचा नेम कुणाचा लांब यात आणखी पाच गेली. मितिकासपाशी लाम्ब्रोसची चेन पडली, आणि एकदा बसवल्यावर पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा थेक्लाने सायकलीला तेच सगळं ऐकवलं जे ती एप्रिलमध्ये समुद्राला ऐकवायची. लाम्ब्रोसचे हात कोपरापर्यंत काळे झाले. उन्हाळी क्लासची खोली इस्मिनीच्या डोळ्यांसमोर आली: बंद खिडक्या, घरघरणारा पंखा, आणि काचेबाहेर तोच तो जुलैचा समुद्र.

“चला!” ती म्हणाली आणि यावेळी खरंच सुटली. हिरव्या सायकलीची घंटा खड्ड्याखड्ड्याला आपोआप वाजत होती.

पाइनची झाडं लागली. मग पेट्रोलपंप आला. लाम्ब्रोसचे मामा नळी हातात धरूनच रस्त्यात आले. “आले रे, आले! मागे बघा!”

मागे सात गाड्या, हॉर्न वाजवत. प्रत्येकीच्या टपावर दोन-तीन सायकली, चाकं आभाळाकडे करून, मेलेल्या झुरळांसारख्या उताण्या. बाकीचं मंडळ पट्टे शोधत अजून मासळीबाजारातच होतं. पहिली गाडी बाबांची. डोक्यावर हेल्मेट, हातात स्टिअरिंग. गाडीची काच उघडी होती आणि बाबांचा आवाज आख्ख्या किनाऱ्याला पुरेल असा आहे, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“अध्यक्ष, पंप! पंप मागे पडला! इथंच उतरवायच्या ना?”

“उतरवत बसलो तर ही कार्टी पुढे जाईल, स्पिलिओस! सरळ पार्किंगमध्ये! झाडांमागे उतरवू!”

गाड्या भुर्रकन पुढे गेल्या. शेवटच्या गाडीतून एका काकांनी मुलांना अंगठा दाखवला, वर हेल्मेट ठाकठीक केलं.

“गेलं,” लाम्ब्रोस म्हणाला. “सगळं गेलं.”

“पायडल मार, बोलू नकोस,” इस्मिनी म्हणाली. रडू येत होतं, पण रडताना ब्रेक नसलेली सायकल चालवता येत नाही, म्हणून तिने ते पुढे ढकललं.

तेवढ्यात आवाज आला. दगडासारखा वाळलेला लांबलचक पाव एखाद्या राक्षसाने गुडघ्यावर मोडावा, तसा. त्यापाठोपाठ करकचून ब्रेक, सात वेळा.

वळण घेतल्यावर दिसलं. पार्किंगच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा, नवा कोरा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. दांड्याला कार्बनच्या सायकलीचं पुढचं चाक लटकत होतं आणि वाऱ्यावर संथ फिरत होतं. मागचं चाक टपावर होतं. मधली सायकल रस्ताभर होती. बाबा गाडीबाहेर उभे होते, हेल्मेट घालून, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना हेल्मेटचा उपयोग काय हे कळत नव्हतं.

“दोन मीटरच्या वर काहीही आत जाणार नाही,” थेक्ला हळूच म्हणाली. “काही म्हणजे काहीही.”

लाम्ब्रोस तर सायकलीसकट झुडपात आडवा झाला, हसून हसून.

इस्मिनीने पाय टेकवला. “बाबा, लागलं का कुठं?”

“नाही.” मग खालच्या आवाजात, “इस्मिनी... आईला काही...”

“लागलं नाही ना? मग मी निघते,” ती म्हणाली, आणि आईची जुनी हिरवी सायकल, उंची एक मीटर दहा, दांड्याखालून आरामात गेली.

वाळूवर पंधरा-वीस बायका पॅटिसचे ट्रे घेऊन उभ्या होत्या. सायकल दिसताच टाळ्या सुरू झाल्या आणि ओळखीची पोरं दिसताच थांबल्या. आई पुढे आली. दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर कुणीतरी खऱ्या घामाने भिजून आलं होतं, आणि ती पोटची पोर होती.

“स्वेटर कुठाय?” आईने विचारलं.

“खोक्यात.”

“बाबा कुठायत?”

इस्मिनीच्या जिभेवर सगळं होतं: पंप, नळ, गाड्या, दांडा. तिने गिळलं. “येतायत. अडकलेत जरा.” यातला शब्दन् शब्द खरा होता.

तिने टोपलीतून रिकामी बाटली काढली आणि कपड्यांसकट पाण्याकडे धावली.

“थांब! कधी जेवलीस? तीन तास झाले का?” मागून आई. जेवल्यावर तीन तासांच्या आत पाण्यात गेलं की माणूस दगडासारखा बुडतो, हाही इथल्या आयांचा शोध.

“दोन वाजता!”

आईने बोटांवर मोजलं. सव्वासहा. “जा.”

“काकू, लोकाट धरायचे का?” लाम्ब्रोसने विचारलं. इस्मिनीने त्याच्या तोंडावर लाट मारली.

मग तिने एकेक लाट धरली. बाटलीचं तोंड लाटेला लावायचं, घोटभर आत घ्यायचं, अंगठ्याने बंद करायचं. थेक्ला मुद्दाम चुकीचे आकडे ओरडत होती, “सतरा! नऊ! त्रेपन्न!” तेविसाव्या लाटेने इस्मिनीला उलटं केलं आणि नाकातोंडात पाणी गेलं. खारट! इतकं खारट की डोळ्यांत पाणी आलं, आणि ती खोकत खोकत हसत सुटली. चाळीस पूर्ण झाल्या तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि बोटांच्या मनुका झाल्या होत्या.

ती बाहेर आली तर बाबा पोचले होते. खांद्यावर अर्धी सायकल, कपाळावर ताजं पाणी, हातात भरलेली बाटली. सवयच ती. वाटेत पार्किंगचा शॉवर लागला होता.

“काय झालं हो सायकलीला?” आईने विचारलं.

“रस्ता फार वाईट आहे, फोतिनी. तो मितिकासनंतरचा चढ...” बाबांनी बाटली पुढे केली. “पण तुझं पाणी आणलं. मोजून चाळीस.”

आईने बाटली घेतली. मग तिने खाली पाहिलं. बाबांचे बूट कोरडे होते. मोजे पांढरेशुभ्र, कोरडे ठणठणीत. शेजारी इस्मिनी उभी होती आणि तिच्याखाली डबकं साचत होतं.

“पाय न भिजवता?” आई म्हणाली.

बायका पुढे सरकल्या. आईने बूच काढलं, बाटली तोंडाला लावली आणि बाबांच्या डोळ्यांत बघत प्यायला लागली. घोट, घोट, घोट. सगळी बाटली संपवली, आणि हाताच्या पालथ्या बाजूने ओठ पुसले.

“छान आहे,” ती म्हणाली. “गारही आहे.”

कुणी हसलं नाही. ते पुढे आठवडाभर गावाने हसून घेतलं. त्या क्षणी फक्त लाटांचा आवाज येत होता, आणि एका ट्रेवरचा पॅटिस कुणीतरी नको इतक्या मोठ्याने चावत होतं.

स्पिलिओसकाका धापा टाकत पुढे झाले. अध्यक्षांना वाचवायचं असेल तर नियमच काढायला हवा होता. “एक खुलासा! अपघात झाल्यामुळे अध्यक्ष अधिकृतपणे शर्यतीत नव्हतेच. सबब निकाल राखून ठेवण्यात—”

थेक्लाने आपल्या सुक्या पिशवीतून कागद काढून आईच्या हातात ठेवला. आईने खोकल्याच्या जाहिरातीसकट सगळा वाचला, मोठ्याने. शिक्क्यापाशी आली तेव्हा थांबली. “शिक्का तुमचाच ना?”

“माझाच,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फक्त त्यांच्यापुरता होता.

इस्मिनीला त्यांची दया आली, थोडी, अर्ध्या सायकलीएवढी. पण दया आली म्हणून मान खाली घालायची तिची सवय आता सुटली होती. तिने थेक्लाच्या पिशवीतून दुसरा कागद घेतला, शाळेतून मागून आणलेला कोरा फॉर्म. तिच्या ओल्या अंगठ्याचा ठसा त्यावर उमटला.

“आई, बाबा, ऐका. उद्या हा फॉर्म जाणार, आणि तो मी भरणार. विज्ञान शाखा. त्यानंतर खाडीपलीकडची शाळा, मग जहाज. पाटीवरची ती पट्टी तुम्ही तुमच्याच नावाने भरून टाका बाबा, अक्षरं जरा मोठी करा. उन्हाळी क्लासला मी जाणार नाही, जुलैमध्ये मी इथं असेन, पाण्यात. आणि आता घरी मी सायकलने येणार आहे, तुम्ही गाडीने व्हा पुढे.” तिने चाळीस लाटांची बाटली आईच्या हातात दिली. “आणि आई, वर्षभराने ही तुळशीला घालू नकोस हं. मरेल ती.”